विंडेबीची तेहतीस पाती

डेन्मार्कच्या लोलँड बेटालगत, विंडेबी येथे १९९१ मध्ये जगातील पहिला सागरी पवनऊर्जा प्रकल्प उभा राहिला. अकरा पवनचक्क्या, प्रत्येकी ४५० किलोवॅट क्षमतेच्या. किनाऱ्यापासूनचे अंतर जेमतेम दीड ते तीन किलोमीटर. आज एकच सागरी पवनचक्की या अकरांच्या एकत्रित क्षमतेहून मोठी असते.

१९७३ च्या तेलसंकटाने आयात तेलावर चालणारा हा देश हादरला होता. १९८५ मध्ये डॅनिश संसदेने अणुऊर्जेचा पर्याय नियोजनातून वगळला. वाऱ्याकडे लक्ष वळले, आणि वारा समुद्रावर अधिक. खाऱ्या पाण्यात यंत्र टिकेल का, ही त्या वेळची खरी शंका. यंत्रे पंचवीस वर्षे टिकली आणि २४३ गिगावॅट-तास वीज देऊन थांबली.

२०१७ मध्ये डाँग एनर्जी या मालक कंपनीने प्रकल्प उतरवायला घेतला. (‘डाँग’च्या आद्याक्षरांत तेल आणि नैसर्गिक वायू दोन्ही होते, त्याच वर्षी कंपनीने ‘ओर्स्टेड’ हे नाव घेतले.) जहाजावरील क्रेनने पाती, यंत्रकक्ष आणि मनोरे सुटे करून खाली घेतले. काँक्रीटचे पाये बहुतांशी जागीच फोडून उचलले गेले.

पोलाद आणि तांबे यांची चिंता नव्हती. भंगारात त्यांना केव्हाही भाव असतो. पवनचक्कीच्या वजनाचा सुमारे ८५ ते ९० टक्के भाग असा पुन्हा वापरात येतो. घोडे अडते ते पात्यांपाशी.

पाते हलके हवे, आणि वादळात मोडायलाही नको. म्हणून ते काचतंतूंवर रेझिन चढवून घडवतात. हे रेझिन एकदा घट्ट झाले की त्याचे रेणू एकमेकांत कायमचे गुंततात. तापवले तरी ते वितळत नाही, फक्त जळते. पोलादासारखे वितळवून पुन्हा ओतणे येथे शक्यच नाही.

विंडेबीच्या तेहतीस पात्यांपैकी काही डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठाकडे संशोधनासाठी गेली, काहींचा उपयोग ध्वनिरोधक भिंतींसाठी ठरला. एक पवनचक्की ऊर्जा संग्रहालयाच्या वाट्याला आली. व्यवस्था चांगलीच, पण ती जमली ती पाती तेहतीसच असल्यामुळे. हजारो पाती उतरतील तेव्हा तितकी संग्रहालये कोठून आणणार?

जर्मनीत २००५ पासून सेंद्रिय अंश अधिक असलेला कचरा प्रक्रियेविना पुरण्यास बंदी आहे. त्यामुळे तेथे पात्यांचा भुगा सिमेंटच्या भट्टीत जाऊ लागला: रेझिन इंधन म्हणून जळते, काच वाळूची जागा घेते. अमेरिकेत पुरणे स्वस्त पडत होते. वायोमिंगमधील कॅस्परच्या कचराभूमीत ओळीने पुरलेल्या पात्यांची छायाचित्रे २०२० मध्ये जगभर फिरली. पुढच्याच वर्षी युरोपच्या पवनउद्योग संघटनेने पाती पुरण्यावर २०२५ पर्यंत युरोपभर बंदी घालण्याची मागणी स्वतःहून केली. लाज आणि दूरदृष्टी यांचे प्रमाण ज्याचे त्याने ठरवावे.

विंडेबीची यंत्रे घडवणारी बोनस ही डॅनिश कंपनी २००४ मध्ये सीमेन्सने विकत घेतली होती. तिच्या वारस कंपनीने, सीमेन्स गमेसाने, २०२१ मध्ये डेन्मार्कमधीलच ऑलबोर्ग येथे वेगळ्या रेझिनची पाती तयार केली. सौम्य आम्लात हे रेझिन सुटते आणि काचतंतू वेगळे होतात. ही पाती २०२२ मध्ये जर्मनीच्या कास्कासी सागरी प्रकल्पात प्रथम बसवण्यात आली. ती अजून फिरत आहेत.