दिवाळीसाठी जुन्या डब्या-बरण्यांचे कंदील: घरी कसे करायचे, काय सांभाळायचं

तुपाचा किंवा दूध पावडरीचा पत्र्याचा डबा, लोणच्याची काचेची बरणी, थोडी बांधायची तार आणि अर्धवट जळलेल्या मेणबत्त्या. एवढ्यावर ओसरीत किंवा तुळशीपाशी ठेवायचे कंदील घरीच होतात. खर्च जवळपास नाहीच. पण आत खरी ज्योत असते, आणि दिवाळीच्या सुमाराला सोयाबीनचं भुसकट, भाताचा पेंढा, वाळका चारा घराला लागूनच पडलेला असतो. तेव्हा कंदील कुठं ठेवायचा हे आधी ठरवावं, मग करायला घ्यावा.

रिकाम्या डब्यावर खिळा ठोकला की पत्रा चेपतो. म्हणून डब्यात ओली वाळू ठासून भरायची. फ्रीज असेल तर पाणी भरून बर्फ केला तरी चालतं, फक्त वर दोन बोटं जागा सोडावी, कारण बर्फ फुगतो. नक्षीसाठी कागदावर रांगोळीसारखे ठिपके काढून तो कागद डब्याभोवती चिकटवायचा आणि ठिपक्या-ठिपक्यावर खिळा मारत जायचं. भोकं फार जवळ घेतली तर पत्रा फाटतो. बुडाजवळ चार-पाच भोकं ठेवावीतच, त्यातून हवा आत जाते. वरचं तोंड उघडंच राहू द्यावं. आतल्या बाजूला भोकांच्या कडा धारदार होतात, त्या कानशीनं घासून घ्याव्यात. मग तोंडाजवळ समोरासमोर दोन भोकं पाडून तारेची कडी लावायची. ज्योत पेटलेली असताना ही तार चांगलीच तापते, पोरांना हात लावू देऊ नये.

काचेच्या बरणीचं काम सोपं. तळाला दोन बोटं कोरडी वाळू, त्यात मेणबत्ती रोवलेली. तापलेल्या काचेवर पाणी पडलं तर ती तडकते.

मेणबत्तीचे तुकडे वितळवताना पातेलं थेट गॅसवर ठेवू नये. पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून मेण पातळ करावं, वातीला सुती दोरा घ्यावा. मेणानं पेट घेतलाच तर पाणी ओतायचं नाही, झाकण टाकायचं.

फवारणीच्या औषधाचे डबे मात्र यासाठी कधीच घ्यायचे नाहीत, कितीही धुतलेले असले तरी. प्लास्टिकची बाटली ज्योतीच्या उष्णतेनं वाकते, थर्माकोल तर लगेच पेटतो. जुन्या लग्नपत्रिकांचा आकाशकंदील छान होतो, पण त्यात एलईडी बल्बच लावावा.

भाजलं तर त्या जागेवर वीस मिनिटं साधं गार पाणी सोडावं. टूथपेस्ट, हळद, तेल लावू नये. भाजणं मोठं असेल तर १०८ ला फोन करावा.