उज्जयिनीची रेषा आणि ‘मद्रास टाइम’

बीड जिल्ह्यांतील मांजरसुंबा हें गांव बालाघाटाच्या डोंगरांत, कपिलधारेजवळ आहे. त्याचे रेखांश सुमारें ७५ अंश ४५ कला; उज्जयिनीचेही जवळजवळ तितकेच. सूर्यसिद्धान्तानें लंका, अवंती, कुरुक्षेत्र यांवरून जी मध्यरेषा सांगितली, तिच्या अगदीं लगत हें गांव पडतें. त्यामुळें येथें देशांतरसंस्कार नाममात्र येतो. मुंबईस तो सुमारें ३० पळें येतो.

रेषेस नगराचें नांव पूर्वींही होतेंच, परंतु त्याबद्दल कोणीं गाऱ्हाणें केल्याचें आमच्या वाचनांत नाहीं. घटी-पळें ज्यानें त्यानें आपल्या सूर्योदयापासून मोजावयाचीं, रेषा गणितापुरती. तंटा माजला तो परगांवची वेळ घरच्या घड्याळांत शिरली तेव्हां.

आगगाड्या मद्रासच्या वेळेनें धावत, तें लोकांनीं सोसलें. १८८१ सालीं गव्हर्नर फर्ग्युसन यांनीं मुंबईंतील सरकारी कामासही तीच लाविली आणि शहर खवळलें. फरक अर्ध्या तासाचा. पण मुंबईनें मद्रासचें नांव कां मिरवावें? विश्वविद्यालयानें राजाबाई मनोऱ्यावर मुंबईचीच वेळ राखिली, सरकारनें त्या घड्याळाच्या दिवाबत्तीचा खर्च नाकारिला, आणि १८८३ सालीं हुकूम मागें घ्यावा लागला.

१ जानेवारी १९०६ पासून ८२॥ अंशांवरील वेळ ‘स्टँडर्ड’ या नांवानें आली. नांवांतून शहर गेलें, पण तक्रार राहिली. मुंबईच्या म्युनिसिपालिटीनें ३९ मिनिटें मागची आपली वेळ स्वातंत्र्यानंतरही कांहीं वर्षें चालविली. कलकत्त्यानें आपली १९४८ पर्यंत. यावरून नांव हें निमित्त होतें, खरा रोष आपला माध्याह्न दुसऱ्यानें ठरविण्यावर होता, असें आम्हांस वाटतें. ‘प्रमाणवेळ’ या शब्दास तर नैयायिक हंसेल : मांजरसुंब्यास सूर्य सरासरीनें १२ वाजून २७ मिनिटांनीं माथ्यावर येतो, म्हणजे प्रत्यक्षाशींच प्रमाणाचा विरोध!

हा वाद संग्राहकांच्या दप्तरांतही उतरला आहे. त्या काळच्या जन्मटिपणांत तासमिनिटांपुढें ‘मुंबई’, ‘मद्रास’ किंवा ‘स्टँडर्ड’ असा शब्द असल्यास नक्कल करणारा तो फालतू समजून गाळण्याचा संभव फार. तो गळाला कीं ३९ मिनिटें, म्हणजे दीड घटीहून अधिक, संशयांत जातात आणि लग्नरास बदलूं शकते. मुंबईस नोकरीला असलेल्याच्या घरचें टिपण बीडकडे सांपडलें, तर जन्मगांवावरूनही वेळेचा निर्णय होत नाहीं. तें कोणत्या घड्याळावरून लिहिलें हें त्या एका शब्दावरूनच कळतें. सूचींत तो जसाच्या तसा, मूळ अक्षरांत उतरून घ्यावा.