मुंबईत उतरायचं कुठं?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

शनिवार-रविवारला जोडून सोमवारची सुट्टी आली आणि पुण्याहून माझ्या नातीचा फोन आला. मैत्रिणीबरोबर दोन रात्री मुंबईला जायचं होतं. "आबा, तुम्ही इतिहासाचे मास्तर. राहायला कुठला भाग बरा, तेवढं सांगा." तिच्या मोबाइलवर मुंबईचा नकाशा होता आणि त्यावर जागोजागी खोल्यांचे भाव. कुलाबा, फोर्ट, गिरगाव, दादर, अंधेरी. जिथं बोट ठेवाल तिथली खोली तुमची. मी म्हटलं, उद्या सांगतो. मुंबईत चार दिवसांसाठी येणाऱ्या माणसाला राहण्याची जागा अशी बोटानं निवडता येणं ही गोष्ट फार जुनी नाही, हे तिला कसं सांगावं याचा मी विचार करत होतो.

मराठीत आपण गाडीतूनही उतरतो आणि पाहुणे म्हणून कुणाकडे तरी उतरतो. मुंबईत हे दोन्ही अर्थ बराच काळ जवळजवळ एकच होते. कोकणचा माणूस बोटीनं भाऊच्या धक्क्यावर यायचा आणि डोंगरी-माझगावच्या आसपास आपल्या गावकऱ्यांत पथारी टाकायचा. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली. दहा वर्षांनी रूळ भोरघाट चढून गेले आणि घाटावरची माणसं थेट बोरीबंदरला उतरू लागली. याच सुमारास फोर्टची तटबंदी पाडली गेली, १८६९ मध्ये क्रॉफर्ड मार्केट उभं राहिलं. मग स्टेशन, मार्केट, धोबीतलाव आणि काळबादेवी या पट्ट्यात लॉज, खानावळी, धर्मशाळा यांची दाटी झाली. कारण साधं होतं. डोक्यावर ट्रंक घेऊन चालत जाता येईल एवढंच अंतर परवडायचं. आजच्या जाहिरातींत 'स्टेशनपासून पाच मिनिटं' असं छापतात, ते त्या ट्रंकेचंच वंशज म्हणायला हरकत नाही.

पण अंतर हा प्रश्नाचा लहान भाग झाला. खरा प्रश्न होता, तुम्ही कोण?

साहेब असाल तर काळा घोड्याजवळचं वॉटसन हॉटेल. विलायतेहून लोखंडी सांगाडा आणून उभी केलेली ही इमारत. १८९६ च्या ७ जुलैला ल्युमिए बंधूंची हलती चित्रं इथंच दाखवली गेली, म्हणजे आपल्याकडचा सिनेमाही पहिल्यांदा एका हॉटेलातच उतरला. जमशेटजी टाटांना या हॉटेलात मज्जाव झाला आणि त्या रागानं त्यांनी ताजमहाल हॉटेल बांधलं, ही कथा सगळ्यांना पाठ आहे. अभ्यासकांना ती फारशी पटत नाही, मलाही नाही. इतका मोठा व्यवहार माणूस केवळ रागापोटी करत नाही. ताज १९०३ मध्ये सुरू झालं, तेव्हा समोर गेटवे ऑफ इंडिया नव्हता. तो पुरा व्हायला १९२४ उजाडलं.

हिंदू किंवा जैन यात्रेकरू असाल तर सी. पी. टँकच्या बाजूला माधवबाग, हिराबाग अशा धर्मशाळा. हजला निघालेले असाल तर क्रॉफर्ड मार्केटजवळ साबू सिद्दिक मुसाफिरखाना. हजची जहाजं मुंबईहून १९९५ पर्यंत सुटत, तेव्हा जहाजाची वाट पाहणाऱ्या माणसांना डोक्यावर छप्पर हवंच. गिरणीत काम धरायला आलेला रत्नागिरीचा, सातारचा पोरगा परळ-लालबागच्या गाळ्यात शिरायचा. खोली एक, माणसं वीस-पंचवीस, झोपायचं पाळीपाळीनं. रात्रपाळीवाला परतला की दिवसपाळीवाल्याची वळकटी उचलली जायची.

यांतली मला सगळ्यांत नवलाची वाटते ती गोंयकारांची कूड. कूड म्हणजे कोकणीत खोली. गोव्यातल्या ख्रिस्ती वस्तीच्या गावांनी धोबीतलाव, माझगाव भागात आपापल्या नावाच्या अशा खोल्या घेऊन ठेवल्या होत्या. एकट्या जेर महाल या इमारतीत अशा कितीतरी. गावचा माणूस जहाजावर खलाशी, खानसामा म्हणून लागायचा. दोन सफरींच्या मधले आठवडे त्यानं काढायचे कुठं? तर गावच्या कुडीत. भिंतीला लागून ओळीनं प्रत्येकाची पेटी, पेटीपुढं चटईपुरती जागा, एका अंगाला अल्तार, संध्याकाळी सर्वांनी मिळून रोझरी. वर्गणी थोडी. खोली छोटी खरी, पण त्या माणसाला मुंबईत उतरल्यावर 'तू कोण' असं कुणी विचारत नसे. त्याचं उत्तर दारावरच्या पाटीवर लिहिलेलं असे. बायकांना मात्र तिथं जागा नव्हती, हेही सांगायला हवं.

या सगळ्या व्यवस्था चांगल्या होत्या, मायेच्या होत्या. अनोळखी शहरात माणसाला त्यांनी सांभाळलं. पण एक गोष्ट तशीच राहते. ज्याला त्याला आपापल्यांत उतरायचं, हा नियम ज्याला 'आपले' म्हणणारं कुणी नाही त्याच्यासाठी फार कठोर होतो.

त्याचं सर्वांत बोचरं उदाहरण मुंबईतलं नाही, बडोद्यातलं आहे. परदेशातून शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ मध्ये बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू व्हायला गेले. हिंदू हॉटेलात जागा मिळणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. पारशांच्या एका पथिकाश्रमात ते उतरले, पण तिथल्या वहीत पारशी माणसाचं नाव लागायला हवं म्हणून त्यांना पारशी नाव घ्यावं लागलं. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेला पारशांचा जमाव दारात आला. संध्याकाळपर्यंत जागा सोडायची होती. शहरात दुसरीकडे कुठंही आसरा मिळाला नाही, आणि रात्रीच्या गाडीची वाट पाहत ते कामाठी बागेत बसून राहिले. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. गाडी अर्थातच मुंबईची होती.

आता घरचं सांगतो.

माझे वडील १९५७ मध्ये सोलापूरहून कारकुनाच्या मुलाखतीसाठी मुंबईला आले. स्टेशनाजवळच्या एका लॉजमध्ये त्यांनी जागा विचारली. आहे म्हणाले. मालकानं वही उघडली, नाव विचारलं, गाव विचारलं, मग आडनाव. पेन थांबलं. "अरेच्चा, ही खोली तर कालच दिलीय." वडिलांनी ट्रंक उचलली, रात्र स्टेशनवर काढली, सकाळी नळावर दाढी केली आणि मुलाखतीला गेले. नोकरी लागली.

तेव्हा राज्यघटना लागू होऊन सात वर्षं झाली होती आणि तिच्या पंधराव्या कलमात हॉटेलांचा उल्लेख स्पष्ट आहे. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्यानं धर्मशाळा, सराया, मुसाफिरखानेही त्यात आणले होते. म्हणजे त्या मालकानं गुन्हा केला होता. पण 'जागा नाही' एवढंच तर तो म्हणाला. आडनाव ऐकून थांबलेलं पेन कोर्टात दाखवायचं कसं? आजही मुंबईत भाड्यानं घर बघताना आडनावाला किती वजन असतं, ते ज्यानं अनुभवलंय त्याला सांगायला नको.

त्यानंतर वडील मुंबईला गेले की नायगावच्या बी.डी.डी. चाळीत चुलत्यांकडे उतरत. १६० चौरस फुटांची खोली, त्यात आठ माणसं. आम्ही म्हणायचो, अण्णा, एखादा लॉज घेऊ या, त्यांनाही त्रास नको. त्यांचं उत्तर ठरलेलं, "लॉजमध्ये ढेकूण असतात." आम्हाला ते खरंच वाटायचं. शेवटच्या आजारपणात एकदा त्यांनी ही हकिकत सांगितली, तीही सहज, दुसऱ्याच कुठल्या तरी बोलण्याच्या ओघात.

दुसऱ्या दिवशी मी नातीला कळवलं. कुलाब्याला समुद्र आहे, पण भाडं बोचेल. दादरला दोन्ही रेल्वे आहेत, जेवण घरच्यासारखं मिळेल, पण जुनं शहर लांब पडेल. अंधेरीला विमान गाठायचं असेल तरच राहावं. तुम्ही क्रॉफर्ड मार्केट आणि धोबीतलाव यांच्या मधे कुठंतरी उतरा. रविवारी सकाळी तो भाग निवांत असतो. स्टेशनची इमारत २००४ पासून आणि ओव्हलभोवतीच्या इमारती २०१८ पासून जागतिक वारशात आहेत, सगळं पायी होईल. वॉटसनची इमारत मोडकळीला आलीय, तरी बाहेरून बघा. मार्केटजवळच सरदारगृह आहे. लोकमान्य टिळक मुंबईत आले की तिथं उतरत, आणि १ ऑगस्ट १९२० ला त्यांनी देह ठेवला तोही तिथंच. उत्तरेला जायचं असेल तर ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो काळबादेवी, गिरगावहून थेट दादरला जाते. खोली घेताना खिडकी रस्त्यावर उघडते का ते विचारा, तिकडच्या पुष्कळ खिडक्या भिंतीकडे तोंड करून असतात.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आबा, पण तिकडे ढेकूण नसतील ना? पणजोबा म्हणायचे म्हणे."

तेव्हा मी तिला वरची हकिकत सांगितली. ती काही बोलली नाही.

शनिवारी रात्री मुंबईहून तिचा फोन आला. खोली लहान आहे, खिडकी रस्त्यावर आहे, खाली रात्री अकरालाही वर्दळ आहे, असं सांगत होती. मग म्हणाली, "वहीत नाव लिहून घेताना मी त्या माणसाच्या तोंडाकडे बघत होते."

"मग?"

"त्यानं आधार कार्ड बघितलं, पूर्ण नाव लिहिलं, आणि विचारलं, नाश्ता आठला पाठवू की नऊला?"