हेलसिंकी ते टोकियो: अंतर तेच, तास वेगळे

हेलसिंकी ते टोकियो सरळ मोजलं तर साधारण ७,८०० किलोमीटर. रशियावरून गेलं तर नऊ-साडेनऊ तास. पण १९८३च्या एप्रिलमध्ये फिनएअरने ही थेट सेवा सुरू केली, तेव्हा सोव्हिएत आकाश टाळायचं होतं. मग काय, डीसी-१० विमान उत्तर ध्रुवावरून अलास्काकडे, तिथून खाली जपान. तेरा तास! आणि हा वळसा उगाच नव्हता हं. त्याच वर्षी १ सप्टेंबरला अलास्काहून निघालेलं कोरियन प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं. लढाऊ विमानाने ते पाडलं. २६९ माणसं गेली.

पुढे सायबेरियावरून जायची परवानगी मिळाली आणि फिनएअरने आशियाचा धंदा याच जवळच्या रस्त्यावर उभा केला. सगळा डोलारा एका परवानगीवर! आम्ही कोडवाले असलं डिझाइन रिव्ह्यूमध्येच अडवतो. पण खरं सांगू, भूगोलाला बॅकअप कुठून आणणार?

फेब्रुवारी २०२२मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला, आकाश बंद झालं. मार्चमध्ये टोकियोचं विमान पुन्हा ध्रुवावरून निघालं. एअरबस ए३५०, सुमारे १२,९०० किलोमीटर, पुन्हा तेरा तास. प्रवाशांना ध्रुव ओलांडल्याचं सर्टिफिकेटही देतात.