इंग्लंडांतील फुटबॉल लीग : तिची घटना आणि कारभार

मराठींत 'संघ' हा एकच शब्द तीन निरनिराळ्या वस्तूंस लावला जातो. मैदानावर उतरणारे अकरा खेळाडू हाहि संघ, खेळाचे नियम ठरविणारें राष्ट्रीय मंडळ हाहि संघ, आणि कांहीं क्लबांनीं आपसांत सामने खेळण्यासाठीं केलेला करार हाहि संघच. इंग्लंडांत या तिहींचा इतिहास वेगवेगळा आहे. म्हणून प्रस्तुत लेखांत नियम करणाऱ्या मंडळास आम्ही 'असोसिएशन', करारबद्ध समूहास 'लीग' व त्यांतील घटकांस 'क्लब' असेंच म्हणणार आहों.

असोसिएशन इ. स. १८६३ च्या आक्टोबरांत लंडन येथें स्थापन झाली. लीग तिच्यामागून पंचवीस वर्षांनीं निघाली, आणि तीहि लंडनकरांच्या हातून नव्हे, तर लँकेशायर व मिडलंड्स या कारखान्यांच्या प्रांतांतील क्लबांच्या हातून. मधल्या काळांतील मुख्य तंटा वेतनाचा होता. १८८४ च्या जानेवारींत प्रेस्टन नॉर्थ एंड या क्लबाविरुद्ध अशी तक्रार झाली कीं, तो खेळाडूंस पैसे देतो. त्याचे चालक विल्यम सडेल यांनीं ती गोष्ट लपविली नाहीं, व क्लब चषकस्पर्धेंतून बाद झाला. पुढें उत्तरेकडील क्लब फुटून निघण्याचा रंग दिसूं लागला, तेव्हां असोसिएशननें जुलै १८८५ मध्यें वेतन घेऊन खेळण्यास मान्यता दिली.

येथवरची हकीकत सर्वश्रुत आहे. तीवरून, खेळ धंदेवाईक झाला म्हणून लीग निघाली, असें अनुमान सामान्यतः केलें जातें. आमच्या मतें तें अपुरें आहे. वेतनास मान्यता मिळाल्यावर लीग निघण्यास अडीच वर्षांहून अधिक काळ लागला, आणि त्या काळांतील खरी अडचण पंचांगाची होती. खेळाडूचा पगार दर आठवड्यास द्यावाच लागे. तिकिटांचें उत्पन्न मात्र सामना झाला तरच येई. क्लबास त्या वेळीं सामने दोन प्रकारचे मिळत. एक चषकाचे, त्यांत पराभव झाला कीं त्या वर्षापुरता विषय संपला. मुंबईच्या रोव्हर्स चषकाच्या (स्थापना १८९१) ज्यांना आठवणी आहेत त्यांस ही पद्धत समजावून सांगण्याची गरज नाहीं. दुसरे मित्रत्वाचे, ते प्रतिपक्षास अधिक फायद्याचा सामना मिळाला कीं ऐन वेळीं रद्द होत. खर्च निश्चित आणि उत्पन्न अनिश्चित, अशी ही स्थिति होती.

तिच्यावर उपाय सुचविला तो विल्यम मॅग्रेगर यांनीं. हे जातीचे स्कॉच, बर्मिंगहॅम येथें कापडाचें दुकान चालवीत व ॲस्टन व्हिला क्लबाचा कारभार पाहात. २ मार्च १८८८ रोजीं त्यांनीं कांहीं प्रमुख क्लबांस एक पत्र धाडलें. दहा-बारा नामांकित क्लबांनीं एकत्र होऊन दर वर्षीं प्रत्येकानें प्रत्येकाशीं एकदां स्वगृहीं व एकदां परगृहीं सामना खेळावा, हा त्याचा आशय. २३ मार्चला लंडनमध्यें अँडर्टन्स हॉटेलांत व १७ एप्रिलला मँचेस्टरच्या रॉयल हॉटेलांत बैठका होऊन लीग सिद्ध झाली. 'लीग' हें नांव मॅग्रेगर यांस रुचलें नव्हतें. आयर्लंडांतील लँड लीगची चळवळ त्या काळीं गाजत होती, व तिची आठवण लोकांस होईल अशी त्यांस धास्ती वाटे.

क्लब बाराच कां, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. बारा क्लबांचे प्रत्येकीं बावीस सामने होतात, आणि हंगामांत त्यांस मोकळे सांपडणारे दिवस तेवढेच होते. म्हणजे लीगची मर्यादा तिच्या तत्त्वानें ठरविली नाहीं, तारखांनीं ठरविली. सहा क्लब लँकेशायरचे, सहा मिडलंड्सचे. लंडनचा एकहि नाहीं. ८ सप्टेंबर १८८८ रोजीं सामने सुरू झाले, तेव्हां विजयास गुण किती द्यावयाचे हेंहि ठरलेलें नव्हतें! विजयास दोन व बरोबरीस एक हा नियम नोव्हेंबरांत झाला. त्या हिशेबानें प्रेस्टननें बावीस सामन्यांत एकदांहि न हरतां चाळीस गुण मिळविले.

आतां कारभाराकडे वळूं. लीगचे सभासद क्लब होते, खेळाडू नव्हते. क्लबांच्या प्रतिनिधींची सर्वसाधारण सभा सर्वश्रेष्ठ. तिनें निवडलेली व्यवस्थापक समिति रोजचा कारभार पाही, आणि समितींतील माणसें बहुधा क्लबांचेच चालक असत. पहिले चिटणीस हॅरी लॉकेट हे स्टोक क्लबाचेच. वर्षाअखेर तळाच्या चार क्लबांनीं पुनः प्रवेशासाठीं अर्ज करावा व इतरांनीं मत द्यावें, असा ठराव होता. न्यायाधीश व पक्षकार येथें एकच होते. १८९२ त दुसरा वर्ग निघाल्यावर वरच्या वर्गांतील खालचे व खालच्या वर्गांतील वरचे यांच्यांत कसोटीचे सामने होऊं लागले. ३० एप्रिल १८९८ रोजीं स्टोक व बर्नली यांची गांठ पडली. बरोबरी झाली तर दोघांचेंहि काम होणार होतें. झालीहि बरोबरीच, एकहि गोल न होतां. चिडलेल्या प्रेक्षकांनीं चेंडू परत देण्याचें नाकारलें असें सांगतात. लीगनें दोषी कोणास ठरविलें नाहीं. वरच्या वर्गांत दोन जागा वाढविल्या आणि कसोटीचे सामनेच बंद करून पहिल्या दोन वर्गांपुरती चढ-उतार आपोआप होईल असें केलें. सर्वांत खालच्या दारावर मात्र मतांचा पहारा १९८७ पर्यंत राहिला.

या सर्व व्यवस्थेचा भार कोणावर पडला? ज्यांस मत नव्हतें त्यांच्यावर. १८९३ पासून नोंदलेला खेळाडू क्लबाच्या संमतीवांचून लीगमधील दुसऱ्या क्लबाकडे जाऊं शकेना. १९०१ त आठवड्याचें वेतन कमाल चार पौंड ठरलें. सबल क्लबांनीं दुर्बलांचे खेळाडू ओढून नेऊं नयेत हा त्यांतील हेतु खरा. पण समतेची किंमत खेळाडूंनीं मोजली. याचें सर्वांत बोलकें उदाहरण लीड्स सिटी या क्लबाचें आहे. युद्धकाळांत खेळाडूंस बेकायदा पैसे दिल्याचा आरोप त्याच्यावर आला व त्यानें हिशेबाच्या वह्या दाखविण्याचें नाकारलें. १९१९ च्या आक्टोबरांत त्यास आठ सामने झाले असतांच काढून टाकण्यांत आलें. पोर्ट व्हेल क्लब त्याच्या जागीं, त्याच्याच गुणांसह, आला. नंतर १७ आक्टोबरला लीड्सच्या मेट्रोपोल हॉटेलांत खेळाडूंचा लिलाव झाला. क्लब मेला तरी खेळाडू सुटले नाहींत. आम्हांस तर हा प्रसंग एखाद्या दिवाळखोर दुकानाच्या मालाच्या विक्रीसारखा वाटतो. कमाल वेतन १९६१ त रद्द झालें. आणि जॉर्ज ईस्टहॅम यांच्या दाव्यांत १९६३ सालीं न्या. विल्बरफोर्स यांनीं क्लबानें खेळाडूस अडवून ठेवण्याची पद्धत अन्याय्य ठरविली.

पंचांगाचें महत्त्व पुढेंहि वारंवार दिसतें. सामन्यांच्या निकालांवर पैजा चालविणाऱ्या कंपन्यांस शह देण्यासाठीं १९३६ त लीगनें ठरलेलें वेळापत्रक रद्द करून प्रतिपक्षांचीं नांवें शेवटपर्यंत गुप्त ठेवलीं. प्रेक्षकांसहि तीं कळेनात, उत्पन्न घटलें, क्लब ओरडूं लागले. दोन आठवड्यांत माघार घ्यावी लागली. पण १९५९ सालीं न्यायालयानें हें वेळापत्रक लीगची स्वामित्वहक्काची रचना असल्याचा निर्णय दिला, आणि त्याच कंपन्यांना तें छापण्यासाठीं पैसे मोजावे लागले.

क्लबाक्लबांतील वांटणीचा इतिहास थोडक्यांत सांगतों. १९१९ पासून तिकिटांच्या उत्पन्नाचा पांचवा हिस्सा पाहुण्या क्लबास मिळे. १९८३ त तें बंद होऊन यजमान क्लबानें सर्व ठेवावें असें झालें. दूरचित्रवाणीचा पैसा वाढतांच मोठे क्लब अधिक वांटा व अधिक मतें मागूं लागले. १९८५ च्या अखेरीस तडजोड झाली. पहिल्या वर्गास त्या उत्पन्नाचा निम्मा भाग व प्रत्येक क्लबास दीड मत. ती टिकली नाहीं. १९९२ सालीं पहिला वर्ग सबंध बाहेर पडला व असोसिएशनच्या आश्रयानें त्यानें प्रीमियर लीग ही कंपनी स्थापिली. तींत वीस क्लब आहेत, प्रत्येकास एक मत, व ठरावास चौदा मतें लागतात. जुन्या लीगमध्यें तीन वर्गांत मिळून बहात्तर क्लब आहेत. दोहोंमधील चढ-उतार चालू आहे.

वरच्या व खालच्या क्लबांत पैसा कसा वांटावा याचा निकाल मात्र त्यांच्यांत लागला नाहीं. जुलै २०२५ मध्यें पार्लमेंटाच्या कायद्यास राजसंमति मिळून स्वतंत्र नियामक नेमण्यांत आला. वरच्या पांच वर्गांतील क्लबांस परवाना देणें, आणि दोन लीगांत वांटणीचा करार न झाल्यास मध्यें पडणें, हीं कामें त्याजकडे आहेत. १८८८ पासून जे प्रश्न क्लबांच्या प्रतिनिधींनीं हॉटेलांतील बैठकींत आपसांत सोडविले, त्यांपैकीं कांहीं आतां बाहेरच्या माणसापुढें गेले आहेत.