पायांची मोजणी आणि प्राण्यांचीं नांवें

संस्कृत कोशकारांस प्राण्यांचे पाय मोजण्याचा मोठा हव्यास. गाय चतुष्पाद, भुंगा षट्पद, गोम शतपदी. पैकीं भुंग्याचा हिशेब चोख आहे. गोमेच्या पायांच्या जोड्या मात्र जातीपरत्वें १५ पासून १९१ पर्यंत, पण पूर्ण वाढीनंतर नेहमीं विषमच भरतात. सबब बरोबर शंभर पाय तिला कधींच नसतात! युरोपांतही लिनीअसानें १७३५ सालीं केलेला 'चतुष्पाद' वर्ग १७५८ सालीं 'सस्तन' झाला, तेव्हां कोठें देवमासा माशांतून उठून गाईच्या पंक्तीस बसला.

गोमेचा एक पाय मोडला म्हणून ती लंगडी होत नाहीं, असें म्हणणाऱ्या लोकभाषेस आंकड्याची एवढी मातब्बरी नाहीं. ती चाल पाहते. अमरावती-अकोल्याकडे सोयाबीनवर पडणारी उंटअळी घ्या. हरभऱ्यावरील घाटेअळीस छातीचे सहा पाय असून शिवाय मांसल पायांच्या पांच जोड्या असतात. उंटअळीस त्या तीनच. मधलें अंग निराधार, म्हणून ती पाठीची कमान करीत चालते. उणे पाय न मोजतांच नांवांत उतरले.

परंतु पिकावरून पडलेलीं नांवें फसवीं. घाटेअळी कपाशीवर गेली कीं तीच हिरवी बोंडअळी होते. उलट, २०१७ सालीं वऱ्हाडांतील कपाशी नासणारी गुलाबी बोंडअळी अगदींच निराळी. दोघींचे पाय मात्र सारखेच, तेव्हां मोजणीही येथें निरुपयोगी. बीटी कपाशीनें हिरवीला पुष्कळ आवरलें. गुलाबीनें पुढें तिला दाद दिली नाहीं.