अंश आणि पूर्ण : लुडविग फॉन बर्टालान्फी

अंश आणि पूर्ण यांचे नाते काय, हा प्रश्न एरवी आम्हांला साहित्यशास्त्राच्या किंवा तत्त्वज्ञानाच्या वर्गात भेटतो. युरोपातील जीवशास्त्रात मात्र तो १८९१ साली एका समुद्रजीवाच्या अंड्यावरून पेटला. हान्स ड्रीश या जर्मन संशोधकांनी सी अर्चिन या काटेरी, गोलसर प्राण्याचे फलित अंडे दोन पेशींच्या अवस्थेत असताना त्या पेशी हलवून एकमेकींपासून सुट्या केल्या. जीव म्हणजे यंत्र असेल, तर अर्ध्या यंत्रातून अर्धाच जीव निघायला हवा. प्रत्यक्षात सुट्या पेशीपासून पूर्ण डिंभ तयार झाला. तो आकाराने लहान होता, एवढेच. या निकालाने ड्रीश यांची वाटच बदलली. पुढे ते तत्त्वज्ञानाकडे वळले आणि सजीवात एक अभौतिक नियामक तत्त्व असते असे प्रतिपादू लागले. यंत्रवाद्यांनी त्यांची टिंगल केली. पण त्या डिंभाचे काय करायचे, याचे समाधानकारक उत्तर त्यांच्याजवळही नव्हते.

हा पेच ज्यांच्या हाती वारशाने आला, त्या लुडविग फॉन बर्टालान्फी यांचा जन्म १९ सप्टेंबर १९०१ रोजी व्हिएन्नाजवळच्या आत्सगर्सडोर्फ येथे झाला. इन्सब्रुक आणि व्हिएन्ना येथे त्यांचे शिक्षण झाले. १९२६ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली ती तत्त्वज्ञानात, फेख्नर या विचारवंतावर प्रबंध लिहून. जीवशास्त्रज्ञाचे हे तत्त्वज्ञानाचे मूळ ध्यानात ठेवायला हवे. त्यांचे सामर्थ्य आणि त्यांची घसरण, दोन्हींचा उगम आम्हांला तिथेच दिसतो. १९२८ च्या पहिल्या महत्त्वाच्या ग्रंथात त्यांनी दोन्ही पक्षांना नकार दिला. यंत्रवादी जीवाचे तुकडे मोजतात आणि ते एकत्र कसे नांदतात हे विसरतात. चैतन्यवादी आपल्या अज्ञानालाच एक नाव देतात आणि त्याला स्पष्टीकरण म्हणतात. बर्टालान्फी यांच्या मते जीवशास्त्राचा खरा विषय 'संघटन' हा होता, आणि संघटनाचे नियम गूढाचा आधार न घेता, गणिताच्या भाषेत शोधता येतील अशी त्यांची खात्री होती.

ते नियम त्यांना 'मुक्त प्रणाली' या कल्पनेत सापडले. समईची ज्योत पाहावी. तेल वर चढते, जळते, उष्णता आणि धूर निघून जातो. क्षणापूर्वीचा एकही कण ज्योतीत उरत नाही, तरी ज्योत तीच दिसते. सजीव देह असाच आहे. बंद भांड्यातील रसायने अखेर निश्चल समतोलाला पोचतात, आणि जीवाच्या बाबतीत त्या समतोलाचे नाव मृत्यू. जिवंत देह त्या अवस्थेपासून दूर राहतो तो बाहेरून सतत घेत आणि बाहेर सतत टाकत. या अवस्थेसाठी त्यांनी जर्मनमध्ये एक शब्द घडवला. त्याचा अर्थ 'प्रवाही समतोल'. उष्मागतिकीचा दुसरा नियम सजीवाने मोडलेला नसतो. तो नियम बंद प्रणालीसाठी सांगितलेला आहे, आणि सजीव ही तशी प्रणालीच नव्हे.

इथे ड्रीश यांच्या डिंभाचा पेचही सैल होतो. मुक्त प्रणालीची स्थिर अवस्था ठरते ती प्रवाहांच्या परस्पर प्रमाणांवरून. आरंभ कुठून झाला यावर ती अवलंबून असेलच असे नाही. पूर्ण अंडे आणि अर्धे अंडे, दोन निराळ्या आरंभबिंदूंपासून एकाच रचनेकडे वाटचाल होऊ शकते. त्यासाठी आत्मा लागत नाही. भ्रूणाच्या घडणीचे संपूर्ण स्पष्टीकरण यातून मिळत नाही, हे खरे. जनुकांची कथा पुढे वेगळीच निघाली. पण 'हे भौतिकशास्त्रात बसूच शकत नाही' या युक्तिवादातला जोर त्यांनी काढून घेतला.

त्यांचे सर्वांत टिकाऊ काम मात्र याहून साधे आहे. प्राणी वाढतो आणि मग वाढायचा थांबतो, का? शरीराची उभारणी अन्न आणि प्राणवायू शोषणाऱ्या पृष्ठभागांच्या प्रमाणात होते, झीज मात्र सबंध वस्तुमानाच्या प्रमाणात. लांबी दुप्पट झाली की पृष्ठभाग चौपट होतो आणि वस्तुमान आठपट. झीज उभारणीला कधीतरी गाठणारच. प्यूटर यांनी १९२० मध्ये सुचवलेल्या या विचाराला बर्टालान्फी यांनी १९३० च्या दशकात सुटसुटीत समीकरणाचे रूप दिले, आणि १९५७ साली बेव्हर्टन व होल्ट या ब्रिटिश मत्स्यशास्त्रज्ञांनी ते आपल्या प्रसिद्ध ग्रंथात स्वीकारले. आज जगभरच्या मासेमारीचे हिशेब त्यावर चालतात. आपल्या किनाऱ्यावरच्या बोंबलाच्या वाढीचे अभ्यासही याच समीकरणाने झाले आहेत. बोंबील खाणाऱ्याला बर्टालान्फी ठाऊक असण्याचे कारण नाही, ही गोष्ट वेगळी.

आता अप्रिय भागाकडे यावे लागते. १९३७ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते शिकागोला गेले आणि तिथल्या एका चर्चासत्रात 'सामान्य प्रणाली सिद्धान्ता'ची कल्पना त्यांनी प्रथम मांडली. मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. अमेरिकेतच राहण्याचे त्यांचे प्रयत्न फळले नाहीत. ते परतले, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नाझी पक्षाचे सभासद झाले आणि १९४० मध्ये व्हिएन्ना विद्यापीठात प्राध्यापक. पोटासाठी घेतलेले सभासदत्व म्हणून हे सोडून देता आले असते. पण १९४१ साली त्यांनी एका जीवशास्त्रीय नियतकालिकात आपली समग्रतेची भूमिका आणि राजवटीची विचारसरणी यांचा मेळ दाखवणारा लेख लिहिला. अंशाला अर्थ पूर्णामुळे येतो, हे वाक्य पेशीबद्दल उच्चारले तर ते जीवशास्त्र असते. माणसाबद्दल, त्या वर्षी, त्या शहरात उच्चारले, तर त्याचा अर्थ काय होतो हे त्यांना कळत नव्हते असे आम्ही मानू शकत नाही. विशेष हे, की त्यांच्याच सिद्धान्तात याचे खंडन होते. देवाणघेवाण थांबवून स्वतःला बंद करून घेणारी प्रणाली जगत नाही, हे त्यांनीच तर सिद्ध करत आणले होते.

१९४८ मध्ये त्यांनी ऑस्ट्रिया सोडला. पुढे कॅनडा आणि अमेरिका, ओटावापासून बफेलोपर्यंत, अशी भटकंती चालली. १९५० मध्ये मुक्त प्रणालींवरचा निबंध 'सायन्स'मध्ये आला. बोल्डिंग हे अर्थशास्त्रज्ञ, रॅपोपोर्ट हे गणितज्ञ आणि जेरार्ड हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ यांच्यासह त्यांनी प्रणाली संशोधनाची संस्था उभी केली. व्यवस्थापनापासून मानसोपचारापर्यंत सर्वत्र 'सिस्टिम' हा शब्द पसरला, कधी कधी अर्थ गमावून.

१९६८ च्या 'जनरल सिस्टिम थिअरी' या ग्रंथात ते शिकागोच्या त्या व्याख्यानाची हकिकत सांगतात. जीवशास्त्रातले वातावरण प्रतिकूल होते म्हणून टिपणे खणात ठेवली, आणि युद्धानंतर ती बाहेर काढली, असे ते म्हणतात. याच ग्रंथात मानवी समाज म्हणजे मुंग्यांचे वारूळ नव्हे आणि व्यक्ती हेच अंतिम मूल्य, असा त्यांचा आग्रह आहे. ही पाने १९४१ च्या लेखाशेजारी ठेवून वाचावीत. १२ जून १९७२ रोजी बफेलो येथे त्यांचे निधन झाले. दाविद पुव्रो यांनी लिहिलेले त्यांचे सविस्तर चरित्र २००९ साली आले. त्याच्या शीर्षकात समग्रतेच्या संकल्पनेला जोडून 'शोकांतिका' हा शब्द आहे.